पोट आत घेतलेली माणसं

११ फेब्रुवारी

चि. चिंगी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि शेवटी तुझी वहिनी फोन हिसकावून घेते. पत्रात निदान मला मध्ये कोणी तोडत नाही.

जुने कपडे निवडायच्या आमच्या शेडमध्ये गेल्या काही महिन्यांपासून एक नवाच माल येतोय. गठ्ठा फोडला की काय निघतं ते तू पाहिलंयस. विटलेले, उसवलेले, घामाचे डाग पडलेले, खिशात बसचं तिकीट राहिलेले कपडे. त्यात आता मधूनच कोरे करकरीत शर्ट निघतात. एकदाही न धुतलेले. कॉलरच्या आत मापाचा आकडा नाही, नुसती ठिपक्यांची चौकोनी खूण आणि शेजारी तीन पानांचं चित्र. हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझ्या कंपनीच्या पिशवीवर होतं.

मालाबद्दल तक्रार नाही. बाजारातले शिंपी हे शर्ट हातोहात उचलतात, उसवून त्याचे पोरांचे कपडे करतात. असा कोरा माल पूर्वी वर्षाकाठी एखाद्या वेळी दिसायचा, आता दर आठवड्याला येतो. एका टेबलावर निवड उरकेना म्हणून दुसरं टेबल मांडलं आणि त्यावर एक नवी बाई घेतली. जुळ्यांची आई म्हणतात तिला सगळे. कामाला वाघीण आहे.

गंमत अशी की हे शर्ट कोणाच्याच अंगाला बसत नाहीत. एकाची पाठ रुंद नि छाती चिमटलेली, एकाचा गळा म्हणजे खिडकी. आता आमच्याकडे रिवाजच पडलाय. चहाच्या वेळी एकेक शर्ट फिरवायचा, ज्याला बसेल त्याने घरी न्यायचा. सगळे घालून बघतात आणि हसत काढून ठेवतात. आजवर एकच शर्ट नीट बसला, तो वजनकाट्यावर बसणाऱ्या बाईंना, आणि तो पुरुषाचा होता.

तू तर सांगितलं होतंस की तुमच्याकडे ऑर्डर आल्याशिवाय कापडाला हात लागत नाही. मग हा माल कुठला? कळव.

आशीर्वाद आहेतच.

दादा


१८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला नमस्कार, तुझ्या अक्षराला नाही. ‘गठ्ठा’ हा शब्द मी तीनदा वाचला.

तो माल आमचा असूच शकत नाही. कसं ते सांगते. गिऱ्हाईक आपल्या घरी फोनसमोर उभं राहतं. समोरून एक फोटो, बाजूने एक. त्यावरून पडद्यावर त्याचं अंग तयार होतं. शर्ट आधी त्या पडद्यावरच्या अंगावर चढवून बघतात, आणि मगच माझ्या बेतणीच्या हॉलमध्ये यंत्र त्या एका माणसासाठी कापड कापतं. पूर्वी नमुन्याचे शर्ट शिवायचे, नापसंत झाले की फेकायचे. ते बंद झालं. साठा नाही, उरलेली मापं नाहीत. एका तुकड्याच्या खाचेत दुसरा तुकडा यंत्र असा बसवतं की संध्याकाळी झाडायला येणाऱ्या बाई विचारतात, आज सुट्टी होती का? कापडही बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याचं आहे.

तेव्हा दोनच शक्यता उरतात. माल नकली आहे किंवा चोरीचा आहे. तू तो कोणाकडून घेतोस मला माहीत नाही, पण घेणं थांबव. मी हे उगाच सांगत नाही. यंदा आमची कंपनी ‘नासाडी शून्य’ असं जाहीर करणार आहे आणि बेतणीची प्रमुख म्हणून त्याखाली सही माझी लागणार आहे. तपासणीवाले एप्रिलअखेर येतील. त्यांना पटलं की दुसरा हॉल उघडायचा, तोही माझ्याच हाताखाली. या दिवसाची मी फार वाट पाहिली आहे. अशा वेळी माझ्या सख्ख्या भावाच्या शेडमध्ये आमच्या खुणेचे चोरीचे शर्ट सापडले तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

वहिनीला सांग, तुझ्यासाठी आमचा एक शर्ट मागव. खरा माल अंगाला कसा बसतो ते तुलाही कळू दे.

चिंगी


२५ फेब्रुवारी

चिंगे,

मला चोर म्हणालीस. ‘शक्यता’ असा गोड शब्द लावून म्हणालीस, पण म्हणालीस. तुझी वहिनी म्हणाली, आधी शांत व्हा मग लिहा. दोन दिवस थांबलो. शांत काही झालो नाही, म्हणून तसाच लिहितोय.

माल मी मोठ्या गोदामवाल्याकडून रीतसर घेतो, सगळ्या जगासमोर, भर दिवसा. त्याच्याकडे तो कुठून येतो हे विचारण्याची गरज मला आजवर पडली नव्हती. ती गरज तुला पडायला हवी.

सोबत एक शर्ट पाठवतोय. निळा, बारीक रेघांचा. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड आहे. चुकून झालेली नाही, तशीच बेतलेली आहे, कफही त्या हिशेबाने लावलाय. म्हणजे कुठेतरी एक माणूस आहे ज्याचा डावा हात आखूड आहे. तो कोण ते तुझ्या यंत्राला विचार. नकली माल करणारा इतका जीव ओतत नाही, एवढं तर तुलाही कळत असेल.

तुझ्या सांगण्यावरून वहिनीने माझ्यासाठी शर्ट मागवलाय. परवा मला भिंतीपाशी उभं करून फोटो काढले. चोराचे काढतात तसेच, समोरून एक आणि बाजूने एक.

या वेळी आशीर्वाद नाहीत.

दादा


२० मार्च

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. आधी माफी मागते. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

शर्ट आमचाच आहे. नुसता कंपनीचा नाही, माझ्याच हॉलमध्ये कापलेला आहे. आखूड बाही पाहून यंत्र थबकलं होतं, हे माप बरोबर आहे का असं त्याने विचारलं होतं, आणि ‘बरोबर’ या शब्दावर बोट मीच ठेवलं होतं. त्या माणसाने शर्ट घालून पाहिला आणि परत पाठवला. कारण एवढंच दिलंय: तंग होतो.

परत आलेले कपडे कुठे जातात हे मला माहीत नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं, मीच कधी विचारलं नव्हतं. माझा हॉल वरच्या मजल्यावर, परतीची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला. गेले. तिथे एक गृहस्थ बसतात, सगळे त्यांना परतीवालेच म्हणतात. पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे पाकिटं. त्यांनी मला बसायला एक गठ्ठाच दिला.

मी विचारलं, “हे सगळं परत आलेलं?”

“या आठवड्याचं आहे, मॅडम. शिवलेल्यातला तिसरा हिस्सा तरी येतोच परत.”

“मग ह्याचं करता काय?”

“एकासाठी बेतलेलं दुसऱ्याला कसं विकणार? फेकलं तर नासाडीत धरावं लागतं. गोदामवाल्याला दिलं की पुन्हा वापरात गेलं. मग नासाडी राहिली कुठे?”

त्यांनी हे मला नवी रीत समजावून सांगावी तसं सांगितलं. त्यांच्या बोलण्यात काहीही वाकडं नव्हतं.

दादा, आमचं शून्य म्हणजे तुझी शेड आहे.

यंत्र मी पुन्हा पुन्हा तपासलं. पडद्यावरच्या अंगाला शर्ट केसाइतकाही तंग नाही. तरी परत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शर्टावर तेच कारण. त्यामागचं खरं कारण शोधून हे थांबवायला हवं. तू मला एकच खरं सांग. शिंपी जे शर्ट नेत नाहीत, त्यांचं तुझ्याकडे काय होतं?

चिंगी


२७ मार्च

चि. चिंगी,

माफी पावली. आशीर्वाद परत चालू केले आहेत.

विचारलंस म्हणून सांगतो. शिंपी निम्मे नेतात. उरलेल्यांची चिंधी करावी तर गॅरेजवाले घेत नाहीत. त्यांना पुसायला सुती चिंधी लागते, आणि तुमचं बाटल्यांचं कापड पाणी पीत नाही की तेल पीत नाही. जाळलं तर काळा चिकट धूर होतो, तो मी होऊ देत नाही. मग शेडमागच्या खड्ड्यात जातं. खड्डा भरत आलाय.

आता माझं ऐक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलंय, तुला ते पहिलं पत्र लिहून. दुसरं टेबल चालतं ते शिंप्यांनी नेलेल्या तुमच्या मालावर. तो बंद झाला तर टेबल बंद, आणि टेबल बंद म्हणजे जुळ्यांची आई घरी. तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. तुला दुसरा हॉल हवाय, मला दुसरं टेबल हवंय, आणि दोन्ही तुझ्या गप्प बसण्यावर आहेत. परतीवाले खोटं कुठे बोलतात? निम्मा माल खरंच पुन्हा वापरात जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे.

तुझा शर्ट आला. कापड छान, शिवण छान, पण पोटावरचं बटण लावलं की मी एक तर श्वास घेऊ शकतो किंवा बसू शकतो. तुमचं यंत्र आंधळं आहे.

दादा

ता. क. वन्सं, मी वहिनी. यंत्राला बोल लावू नका. फोटो काढताना ह्यांनी पोट असं आत घेतलं की मला वाटलं, लग्नातला नवराच परत आला. फोटो निघाला, पोट बाहेर. मी म्हटलं परत काढते, तर म्हणतात, नको, हाच छान आलाय.


४ एप्रिल

प्रिय दादा,

वहिनीच्या ओळी हॉलमध्ये उभ्यानेच वाचल्या आणि मोठ्याने हसले. मग हसू थांबलं आणि मी पडद्यापाशी जाऊन बसले.

आमच्याकडे गिऱ्हाइकांचे चेहरे राहत नाहीत, नुसती राखाडी अंगं राहतात. ती एकेक करून बाजूने बघत गेले. सगळी ताठ. छाती पुढे, पोट सपाट. तरुण, म्हातारे, बायका, पुरुष, कोणाचंही पोट सुटलेलं नाही. इतके महिने मी ही अंगं रोज बघते आहे आणि मला एकदाही वाटलं नाही की अशी माणसं मी रस्त्यात कधी पाहिलेली नाहीत.

मग काही न सांगता हॉलमधल्या सगळ्यांना फोनसमोर उभं केलं. प्रत्येकाने पोट आत घेतलं. साहेब डोकावले, त्यांनाही उभं केलं, त्यांनीही घेतलं. शेवटी मी उभी राहिले. मला कारण माहीत होतं, तरी घेतलं.

यंत्र आंधळं नाही. आपण फोटोपुरते जसे होतो, तसंच ते हुबेहूब कापतं. नंतर माणूस श्वास सोडतो आणि शर्ट तुझ्याकडे येतो.

इलाज सोपा आहे. फोनने सांगायचं, तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता मोठ्याने म्हणा, आणि ते म्हणत असतानाच फोटो घ्यायचा. बोलता बोलता पोट धरून ठेवता येत नाही. हॉलमध्ये करून पाहिलं. एकट्या पहारेकऱ्याला जमलं, पण तो पूर्वी बँडमध्ये पिपाणी वाजवायचा.

अडचण पुढेच आहे. हा इलाज मांडायचा तर किती माल परत येतो ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की शून्य राहत नाही. नाही सांगितलं तर सही करते, हॉल मिळतो, तुझं टेबल राहतं. चोर चोर मावसभाऊ म्हणतात, आपण तर सख्खे आहोत.

मी तत्त्वाच्या गप्पा मारतेय असं समजू नकोस. मला तो हॉल हवा आहे. पण मी कापलेलं कापड खड्ड्यात पडतं हे कळल्यापासून यंत्र सुरू करताना माझा हात जड होतो. काय करावं ते ठरत नाही.

चिंगी


९ एप्रिल

चिंगे,

काय करावं ते ठरत नाही असं जो लिहितो त्याचं ठरलेलं असतं. लहानपणापासून ओळखतो तुला.

मी सांगायचं ते सांगून झालं. पाया पडणार नाही, मोठा आहे. तुला लिहायचं ते लिही. फक्त जुळ्यांच्या आईला तूच येऊन सांग. मला ते तोंड नाही.

वहिनी म्हणते, पत्र फार तुटक झालं. होऊ दे.

दादा


२ मे

प्रिय दादा,

मी त्या कागदावर सही केली नाही. दुसरा कागद केला. किती शर्ट कापले, किती परत आले आणि त्यांचं काय झालं, एवढंच त्यात लिहिलं आणि त्याखाली सही केली.

साहेबांनी आधी बोलावून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “पुन्हा वापरात गेलं, हे खोटं आहे का?”

मी म्हटलं, “निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं माझ्या भावाच्या शेडमागे खड्ड्यात आहे.”

“भावाला मध्ये आणायची काही गरज आहे का?”

“तो आधीपासूनच मध्ये आहे, साहेब.”

तपासणीवाल्यांनी कागद वाचला, आभार मानले आणि गेले. प्रमाणपत्र नाही. दुसरा हॉल होणार नाही, निदान माझ्या हाताखाली तरी नाही. मला काढलेलं नाही. लिफ्टमध्ये भेट झाली की साहेब मजल्यांचे दिवे बघत उभे राहतात.

इलाज मात्र चटकन मान्य झाला. परतीचा माल वाहून आणण्यात कंपनीचंही नुकसान होतंच. पुढच्या आठवड्यापासून गिऱ्हाईक फोनसमोर नाव-पत्ता म्हणत उभं राहील. म्हणजे दोन-तीन महिन्यांत तुझ्याकडे येणारा आमचा माल आटेल. आधी कळवतेय, कारण तुला तयारीला वेळ मिळावा. तुला मी एवढंच देऊ शकते आणि ते फार थोडं आहे, हे मला कळतं.

जुळ्यांच्या आईला मी येऊन सांगते. खरंच येते. कधी येऊ ते कळव.

परवा नव्या रीतीची चाचणी घेताना माझ्या हातून एक शर्ट गेला, त्याच्या पोटाशी चांगला घेर होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की हा कोणीतरी घालेल.

चिंगी


२३ ऑगस्ट

चि. चिंगी,

तुझं पत्र आलं तेव्हा उत्तर लिहायला बसलो होतो. लिहिलं ते वहिनीने वाचलं आणि फाडलं. बरं केलं.

तुमचा माल जूनमध्ये कमी झाला, जुलैत तुरळक राहिला, आणि या महिन्यात एकाही गठ्ठ्यात तीन पानांचं चित्र निघालं नाही. शिंपी दोन वेळा रिकाम्या हाताने गेले, आता येत नाहीत. माझ्या टेबलावर परत जुनंच आहे, विटलेलं, उसवलेलं. खड्डा आता होता तेवढाच भरलेला आहे, आणखी भरत नाही. हे तुला कळवायला हवं म्हणून कळवतो.

तू येऊन सांगणार होतीस. तारीख मी मुद्दामच कळवली नाही. तू आली असतीस तर तिने तुला चहा पाजला असता, तू रडली असतीस, आणि मग तीच तुझी समजूत घालत बसली असती. शनिवारी मीच सांगितलं. आधी दुसरं टेबल घडी करून भिंतीला लावलं, म्हणजे मला बोलायला सोपं जाईल असं वाटलं. गेलं नाही.

तिने विचारलं, “मालक, माल थांबला कशाने? तिकडे काही बिघडलं का?”

म्हटलं, “नाही. माझी बहीण तिथे कामाला आहे. तिने काम नीट केलं.”

“नीट केलं म्हणून?”

मी हो म्हटलं. तिने डबा उचलला, बाकीच्या बायकांना सांगून निघाली. मी तिच्यासाठी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकलाय. अजून कोणी बोलावलेलं नाही.

शेडमध्ये सगळ्यांना मी सांगत असतो, आमच्या चिंगीने लाखभर माणसांचे शर्ट वाचवले, स्वतःचा हॉल घालवून वाचवले. हे मी अभिमानाने सांगतो, आणि खरंच अभिमान आहे. पण तिच्या टेबलाची रिकामी जागा रोज दिसते तेव्हा तुझा राग येतो, आणि तोही खरा आहे. तू बरोबर केलंस म्हणून तो कमी होत नाही. बरोबर केलंस म्हणूनच तुला काही बोलताही येत नाही.

तू भेटायला यावंस असं वहिनीला वाटतं. मलाही वाटतं, पण या महिन्यात नको.

दादा